आधी गळा, मग यंत्र

'चुकलं तरी हरकत नाही, नंतर दुरुस्त करू!' हल्ली ध्वनिमुद्रणाच्या खोलीत पाऊल टाकणाऱ्या गायकाच्या कानी हे वाक्य हमखास पडते. ऐकायला किती उदार! पण गाण्याचा याहून मोठा अपमान आम्हांला तरी ठाऊक नाही. शिंप्याने माप न घेताच कापड कापावे आणि 'मागाहून टाके घालू' म्हणावे, तशातली ही गत.

वऱ्हाडातलेच उदाहरण घेऊ. कारंजा तालुक्यातल्या कामरगावासारख्या गावची एखादी भजनी मंडळी डोळ्यांपुढे आणा. देवळात मांडीला मांडी लावून बसायचे, एकाने चरण म्हणायचा, बाकीच्यांनी तो झेलायचा, आणि खंजिरीबरोबर लय हळूहळू चढत न्यायची, ही त्यांची रीत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरीवरचे भजन गावोगाव पोचवले, ते याच वाटेने. ही मंडळी शहरातल्या स्टुडिओत गेली की एकेकाला काचेआड एकटे उभे करतात. कानांवर हेडफोन, आणि त्यात ठरल्या गतीची टिकटिक. टाळकरी आज, झील धरणारे उद्या! लय चढायची तिथे टिकटिक ती चढू देत नाही. मग भजन बसले नाही, की दोष कोणाचा? अर्थातच गावंढळ गळ्याचा!

त्या गळ्यावर इलाज तयारच असतो. १९९७ साली ऑटोट्यून निघाले. त्याचा जनक अँडी हिल्डेब्रँड हा पूर्वी ध्वनिलहरींच्या गणिताने भूगर्भातले तेल हुडकणाऱ्या धंद्यातला. गणित अचाट, यात वाद नाही. परंतु बेतशीर न वापरल्यास हे यंत्र प्रत्येक स्वर पेटीच्या बारा पट्ट्यांपैकी जवळच्या पट्टीवर नेऊन बसवते. दोन स्वरांमधली मींड, हुंदक्यासरशी किंचित उतरलेला गंधार, यांना ते चूक समजते. ज्या जागेसाठी श्रोता मान डोलावतो, नेमकी तीच पुसली जाते!

'मग काय यंत्रे उकिरड्यावर टाकायची?' असे कोणी विचारील. मुळीच नाही. यंत्राची सक्ती काही आजची नव्हे. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान भोंग्यासमोर गायली, तेव्हा तिलाही जेमतेम तीन मिनिटांत गाणे आटोपावे लागले. मात्र तबकडीवर मागाहून डागडुजी करण्याची सोय नव्हती. गाणे आधी गळ्यात तयार असावे लागे. आमचे भांडण यंत्राशी नाही, त्याच्या आडोशाने केलेल्या आळसाशी आहे.

ध्वनिमुद्रकाचे खरे काम गाणे सुरू होण्यापूर्वीचे आहे. पट्टी गायकाला विचारून ठरवावी. मायक्रोफोन वीतभर लांब ठेवावा, मध्ये जाळीचा पडदा लावावा. म्हणजे 'प', 'फ', 'भ'च्या फुंकरी आदळत नाहीत. भिंती घुमत असतील तर वाकळा टांगाव्या. हेडफोन एका कानावरून सरकवू द्यावा, कारण स्वतःचा आवाज नीट ऐकू आला नाही की पक्का गवईसुद्धा बेसूर होतो. मंडळी एकत्र बसवून सबंध भजन दोनतीनदा गाऊन घ्यावे. तालमीचेही मुद्रण करावे, पुष्कळदा तेच मोकळे उतरते. आणि गाणे संपल्यावर काचेआड गप्प बसू नये! त्या मौनाने गायकाचे अवसान गळते. चांगले ते आधी सांगावे, खोट एका वेळी एकच दाखवावी.

हे अशक्य आहे काय? हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखांहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या कित्येकींचे ध्वनिमुद्रण बायांच्या गावी जाऊनच झाले. यंत्र गळ्याच्या दारी गेले, म्हणून त्या आवाजांत घर शिल्लक राहिले.

वाचकहो, दिवाळीला घर भरलेले असते. आजीला, आत्याला एखादी ओवी, एखादे भजन म्हणायला सांगा आणि मोबाइलवर टिपून घ्या. पंखा बंद करा, मुलांना फटाक्यांसाठी जरा थांबवा, फोन तिच्यापासून वीतभर अंतरावर धरा, नि ती गात असताना मध्ये बोलू नका. आवाज कापरा असेल, तर तो कापराच राहू द्या. तो दुरुस्त करण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिलेला नाही.