‘बेटर’ म्हणा, पण ‘दॅन’ विसरू नका



या महिन्यात बाईंनी आम्हाला इंग्रजीत तुलना करायला शिकवले. विषय होता प्रवास. फास्ट म्हणजे वेगवान. त्याला ‘अर’ लावला की फास्टर होते. चीप म्हणजे स्वस्त, त्याचे चीपर. सेफ म्हणजे सुरक्षित, त्याचे सेफर. शब्द लांबलचक असला तर ‘अर’ लागत नाही, आधी ‘मोअर’ येते. जसे, मोअर डेंजरस. गुडचे मात्र गुडर होत नाही, बेटर होते. बॅडचे वर्स होते. मी फळ्यावर ‘मोअर फास्टर’ लिहिले तेव्हा बाई म्हणाल्या, “अगं, आमटीत दोनदा मीठ घातलंस की!” सगळे हसले. पण आता मी ती चूक करत नाही.

मराठीत आपण ‘सायकलपेक्षा एसटी वेगवान आहे’ असे म्हणतो. ‘पेक्षा’ आधीच येते. इंग्रजीत ‘द एसटी इज फास्टर दॅन अ सायकल’ असे होते. ‘दॅन’ मागून येते, म्हणून ते गाळायला सोपे. जाहिरातीत नुसते फास्टर, बेटर असे ओरडतात. कशापेक्षा, ते सांगतच नाहीत. माझे मत असे आहे की ‘दॅन’ गाळले की निम्मी गोष्ट लपते.

बाईंनी सांगितले, आपल्या देशातली पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ ला मुंबईहून ठाण्याला गेली. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेली. म्हणून ‘द ट्रेन इज ओल्डर दॅन द एसटी’. यावर कुणी भांडत नाही. साल बघितले की झाले. पण ‘बेटर’ आले की भांडण होते. आमच्या घरी झालेच.

आपली शाळा चौथीपर्यंत आहे. जूनपासून आपल्याला पाचवीसाठी चार किलोमीटरवरच्या मोठ्या गावाला जायचे आहे. अण्णा म्हणाले, “वडापनं जा, दहा मिनिटांत पोचशील.” आई म्हणाली, “चालत जा, पैसे लागत नाहीत.” आजी म्हणाली, “एवढ्या लांब पोरीला धाडताच कशाला? चौथी झाली, पुरे झालं.” ते ऐकून माझ्या पोटात गोळाच आला.

मग रात्री मी वही काढली आणि एकेक तुलना लिहिली.

वडापची जीप चालण्यापेक्षा फास्टर आहे. पण ती भरल्याशिवाय सुटत नाही, आणि मागे पोरं लोंबकळतात. म्हणून एसटीपेक्षा मोअर डेंजरस.

चालणे जीपपेक्षा चीपर आहे, पण स्लोअर. एक तास लागतो. पावसाळ्यात वाटेत ओढा भरतो.

एसटी जीपपेक्षा सेफर आहे. फक्त फाट्यापर्यंत दहा मिनिटे चालावे लागते. पाचवी ते बारावीच्या खेड्यातल्या मुलींना शाळेत जायला अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट मिळतो. मुलांना सवलतीत मिळतो, थोडे पैसे पडतात. म्हणजे मुलांना एसटीपेक्षा चालणे चीपर आणि आम्हा मुलींना दोन्ही सारखेच. एकच रस्ता, पण तुलना वेगळी! म्हणून ‘बेटर’ म्हणताना कशापेक्षा ते सांगावे आणि कुणासाठी तेही सांगावे.

हे सगळे मी घरी मराठीत वाचून दाखवले. अण्णा म्हणाले, “पास फुकट असतो हे मला ठाऊकच नव्हतं.” आजी म्हणाली, “सगळ्यापेक्षा घर बरं.” मी म्हणाले, “आजी, घर सेफर आहे खरं, पण पाचवी घरी येत नाही ना!” आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “एकटीनं जायचं नाही, एवढंच.”

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. आपल्या वर्गात आम्ही सहा मुली आहोत. सहाही जणींचे पास काढले तर आम्ही फाट्यापर्यंत मिळून जाऊ आणि मिळून येऊ. एकटीपेक्षा सहा जणी सेफर. ‘लांब आहे’ म्हणून कुणाची शाळा बंद करू नका. लांब म्हणजे कशापेक्षा लांब, ते आधी वहीत लिहून बघा.

माझे काही चुकले असेल तर माफ करावे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी