शस्त्राविना सेनाधिकारी

हल्लीं मुलें कल्पित राज्याचा एक खेळ खेळतात. प्रत्येकानें एक पात्र रचावयाचें व त्याच्या मुखानें बोलावयाचें. शेजारच्या मुलांनीं आपलें राज्य वरळी कोळीवाड्यालगतच्या किल्ल्याभोवतीं वसविलें आहे. एकास तरवार न धरणारा विद्वान् सेनाधिकारी हवा. सोबती म्हणतात, तो निरुपयोगी.

या शंकेस कॅप्टन मोल्सवर्थ हें उत्तर आहे. तो कंपनी सरकारच्या फौजेंतला. परंतु त्याचें नांव राहिलें तें 1831 सालच्या मराठी-इंग्रजी कोशामुळें. जॉर्ज व टॉमस कँडी हे लष्करी बंधु आणि येथील पंडित यांच्या साह्यानें त्यानें शब्द जमविले. 1857 च्या आवृत्तींत ते सुमारें 60,000 झाले. बोलींतले शब्दही त्यानें वगळले नाहींत. कोकणांतले तसे नमूद केले.

तेव्हां पात्रास सर्वज्ञता देऊं नये. एक काम आणि एक उणीव द्यावी. पंचांगावरून आज अष्टमी आहे हें या अधिकाऱ्यास कळेल. परंतु भांगाच्या भरतीला पाणी कमी चढतें, मग होडी कोणत्या खडकावर अडकेल, हें कोळ्यासच ठाऊक. त्यास विचारण्यास विद्येचा अभिमान आडवा आला, तर शिपाई बुडतील. एवढें पणास लागल्यावर पात्र निरुपयोगी कसें?

वडीलधाऱ्यांनींही हा रिकामा उद्योग समजूं नये. मुलांपुढें कोश व पंचांग ठेवावें, आणि चार शब्द विचारण्यास त्यांस कोळीवाड्यांत पाठवावें.