शेकोटीवरची भुते आणि घरात शिरलेली भीती

किनवटच्या रानात थंडी पडली की शेतोशेती शेकोट्या पेटतात. रानडुकरांपासून पीक राखण्यास जागलीला गेलेले चार गडी लाकडे ओढून बसले, की भुताची गोष्ट निघाल्यावाचून राहत नाही. पैनगंगेच्या डोहातल्या आसरा, वाट चुकविणारा चकवा, पिंपळावरचा मुंजा, विस्तव मागायला येणारी हडळ! सांगणारा आवाज खाली आणतो, पोरे घोंगडीत शिरतात, आणि सागाचे वाळके पान पडले तरी सारे दचकतात. यात वाईट ते काय? राबणाऱ्या माणसाची ही फुकटची करमणूक आहे, आणि जागलकऱ्याला झोप लागू नये म्हणून ती उपयोगीही आहे. गोष्टी बंद करा असे सांगणाऱ्या सुधारकांपैकी आम्ही नव्हे.

परंतु बंधूंनो, या भुतांची जात एकदा विचारून पाहा. मुंज होऊन लग्नाआधी मेलेला बटू तो मुंजा. ब्राह्मण मेला तर तो ब्रह्मसमंध. म्हणजे जात मसणवटीतही सुटत नाही! ज्या कुणब्याच्या, कुंभाराच्या, कोलामाच्या घरी कधी मुंजच लागली नाही, त्याने मुंजाला नारळ का द्यावा? आणि बाळंतपणात दगावलेली आमची लेक मात्र म्हणे हडळ होते. जिवंतपणी तिला वेळेवर दवाखाना मिळाला नाही. मेल्यावर तिलाच गावाने भ्यावे, हा कोठला न्याय?

आता एक नेहमीची गोष्ट घ्या. गडी रात्री जेवून खळ्यावर झोपला, सकाळी मेलेला सापडला. अंगावर ना जखम, ना सूज. भुताने गळा दाबला! ऐकायला गोष्ट झकास आहे. पण हे काम बहुधा मण्याराचे असते. हा साप रात्री फिरतो, जमिनीवर निजलेल्यास चावतो, आणि त्याचे दात इतके बारीक की पुष्कळदा झोपही मोडत नाही. पुढे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, जीभ अडखळते, शेवटी श्वास बंद पडतो. पापण्या मिटू लागल्या तेव्हाच रोग्यास सरकारी दवाखान्यात नेले, तर सापाच्या विषावरील लस आणि श्वास चालू ठेवण्याची सोय यांनी तो वाचू शकतो. देवऋष्याच्या अंगाऱ्यात गेलेला तास मात्र कोणी परत देत नाही.

भीती घरात शिरली की तिच्या मागे दक्षिणा मागणारा आलाच. जोतीराव फुल्यांनी 1855 साली ‘तृतीय रत्न’ नाटकात हेच दाखविले. कुणब्याच्या गरोदर बायकोला ग्रहांचे भय घालून जोशी त्या घराला कर्जात लोटतो. आज जोश्याऐवजी आपल्याच जातीचा भगत असेल, पण कोंबडे, लिंबू आणि रोकड आपलीच जाते.

याहून भयंकर प्रकार भानामतीचा. गोष्टीतल्या हडळीला गाव नसते. पण भानामतीच्या गोष्टीत गावातल्या जिवंत बाईचे नाव घेतात, आणि ती बहुधा एकटी, विधवा, थोड्याशा जमिनीची धनीण असते. मग तिला मारहाण होते, गाव सोडावे लागते. जमीन कोणाच्या घशात गेली, ते पाहिले की भूत सापडते! अशा छळाविरुद्ध आणि सर्पदंश झालेल्यास दवाखान्यापासून अडविण्याविरुद्ध महाराष्ट्रात 2013 सालापासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. त्याच वर्षी 20 ऑगस्टला, या कायद्यासाठी झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला.

म्हणून आमचे सांगणे इतकेच: शेकोटी पेटवा, गोष्टी खुशाल सांगा, पोरांना दचकू द्या. पण गोष्ट संपल्यावर पोराने ‘हे खरे का?’ असे विचारले, तर त्याला दटावू नका. मण्याराची हकीकत सांगा आणि खाटेवर मच्छरदाणी खोचून निजवा. आणि गोष्टीत कोणी गावातल्या जिवंत बाईचे नाव घेतले, तर सांगणाऱ्याला तेथेच थांबवा. तेवढे धैर्य आपल्या माणसांत नक्कीच आहे.