दर्दी कोण, गर्दी कोण?

‘कोल्डप्लेची पाच गाणी सांग. ‘यलो’ सोडून!’

हा प्रश्न तुम्हाला कुणीतरी विचारला असेल, नाहीतर तुम्ही कुणाला तरी विचारला असेल. खोटं बोलू नका. 2025च्या जानेवारीत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्लेचे तीन शो झाले, तेव्हा ही तोंडी परीक्षा कॉलेजच्या कॅन्टीनपासून हार्बर लोकलच्या डब्यापर्यंत सगळीकडे सुरू होती. ज्याला तिकीट मिळालं तो परीक्षार्थी, ज्याला नाही मिळालं तो परीक्षक. नापास झालात की शिक्का ठरलेला, ‘हा कसला फॅन? रील टाकायला चाललाय!’

कलाकार बदलतात, परीक्षा तीच राहते. 2024च्या नोव्हेंबरमध्ये दिलजीत दोसांझ पुण्यात आला तेव्हा प्रश्न होता, ‘तुला पंजाबी तरी कळतं का?’ महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर लोलापलूझाला जाणाऱ्यांना विचारतात, ‘हेडलायनर सोडून एक तरी नाव सांग.’ आणि बँडचा टी-शर्ट घातलेली मुलगी दिसली, की पेपर जरा जास्तच अवघड काढला जातो. मुलींनो, बरोबर ना?

आपल्याकडे यासाठी जुने आणि छान शब्द आहेत. दर्दी आणि गर्दी. दर्दी म्हणजे ज्याला कळतं, जो त्यासाठी जीव टाकतो. गर्दी म्हणजे बाकीचे सगळे. घरातल्या मोठ्यांना विचारा, नाटकाच्या आणि गाण्याच्या मैफलींबद्दल बोलताना ही जोडी त्यांच्या तोंडी हमखास येते. फरक एवढाच, की आता ही वाटणी आपण इन्स्टाच्या स्टोरीवर करतो आणि त्यात मैत्रीही तुटते.

माझं म्हणणं सरळ आहे. दर्दींचा राग शंभर टक्के खरा आहे, पण तो चुकीच्या पत्त्यावर जातोय.

राग का खरा आहे?

माझ्या रूममेटचंच उदाहरण घ्या. ती सातवीपासून कोल्डप्ले ऐकते. गावाकडे नेट धड चालायचं नाही, तेव्हा मोठ्या भावाच्या पेन ड्राइव्हमधून गाणी आणून ऐकायची. 22 सप्टेंबर 2024, रविवार, दुपारी बारा वाजता तिकीटविक्री सुरू होणार होती. ही बाई सकाळपासून आंघोळ न करता दोन फोन आणि दोन लॅपटॉप मांडून बसली. बारा वाजले आणि स्क्रीनवर रांगेतला नंबर आला. तो लाखांमध्ये होता! दुपारभर ती त्या नंबरकडे बघत बसली. संध्याकाळी मेसला जेवायलासुद्धा आली नाही.

दुसरीकडे, आमच्या एका मैत्रिणीच्या चुलतभावाला ऑफिसकडून पास मिळाला. शोच्या आदल्या दिवशी त्याने ग्रुपवर विचारलं, ‘मेन सिंगरचं नाव काय रे?’ माझी रूममेट त्याच मिनिटाला ग्रुपमधून लेफ्ट झाली.

तुम्ही तिला समजवायला जाल? मी तर नाही गेले. आठ-नऊ वर्षं ज्याची वाट बघितली, ते तुमच्या डोळ्यांदेखत अशा माणसाला मिळतं ज्याला त्याचं काहीच नाही. याला नुसतं जळणं म्हणत नाहीत. दुखतं ते.

पण शांत डोक्याने बघा. त्या चुलतभावाने तिचं तिकीट घेतलं का? स्टेडियम कितीही मोठं असलं तरी खुर्च्या हजारांत मोजायच्या असतात आणि रांग लाखांत होती. मागणी बघून तिसरा शो वाढवला, नंतर अहमदाबादला आणखी दोन. तरीही पुरलं नाही. तिकिटांच्या किमती होत्या साधारण अडीच हजारांपासून थेट 35 हजारांपर्यंत. मूळ विक्री संपते न संपते तोच पुनर्विक्रीच्या साइट्सवर तीच तिकिटं काही लाखांपर्यंतच्या भावाने झळकली. ज्याला एकच गाणं येतं, त्याने थोडीच हा बाजार मांडला होता?

या काळ्या बाजाराची चर्चा पोलिसांपर्यंत गेली, मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही झाली. 2025च्या जानेवारीत न्यायालयाने ती फेटाळली. असे नियम करणं हे न्यायालयाचं नाही, कायदे आणि धोरण ठरवणाऱ्यांचं काम आहे, असं त्यामागचं म्हणणं होतं. म्हणजे चेंडू सरकारच्या कोर्टात. आणि आपण मात्र अजून कॅन्टीनमध्ये एकमेकांची तोंडी परीक्षा घेतोय!

‘खरा फॅन’ मोजायचा कसा?

तुम्ही म्हणाल, मग तिकिटं आधी खऱ्या फॅन्सना द्या की. ऐकायला भारी वाटतं. अमेरिकेत हे करून झालंय. टेलर स्विफ्टच्या ‘एराज’ टूरसाठी 2022च्या नोव्हेंबरमध्ये टिकीटमास्टरने ‘व्हेरिफाइड फॅन’ नावाची पद्धत वापरली. आधी नोंदणी करा, मग निवडलेल्यांना कोड मिळणार आणि त्यांनाच पहिली संधी. हेतू हाच, की दलाल बाहेर राहावेत आणि फॅन आत यावेत. नोंदणी किती झाली? 35 लाखांच्या आसपास. साइट कोलमडली, लोक तासन्‌तास अडकले आणि सर्वसामान्यांसाठी ठेवलेली पुढची विक्रीच रद्द करावी लागली. प्रकरण इतकं तापलं, की 2023च्या जानेवारीत अमेरिकन सिनेटच्या समितीसमोर त्यावर सुनावणी झाली.

यातून काय दिसतं? एक, जगात ‘खऱ्या फॅन्स’ची संख्यासुद्धा खुर्च्यांपेक्षा कितीतरी जास्त असते. आणि दोन, प्रेम मोजायचं मशीन अजून निघालेलं नाही. पाच गाणी पाठ असणं म्हणजे प्रेम असेल, तर प्रश्नपत्रिका आधी फोडून कुणीही पास होईल. आणि एकच गाणं असेल, पण ते बाबा गेल्यानंतरच्या महिन्यात रोज रात्री ऐकलेलं असेल, तर? त्याला तुम्ही किती मार्क देणार?

त्यापेक्षा कोल्डप्लेने स्वतः केलेली एक गोष्ट मला जास्त शहाणपणाची वाटते. ‘इन्फिनिटी तिकीट’. साधारण दोन हजार रुपयांची थोडी तिकिटं त्यांनी वेगळी काढून ठेवली आणि नोव्हेंबरमध्ये विकली. तुमची जागा कुठे हे शोच्या दिवशी कळणार, पहिल्या रांगेजवळसुद्धा असू शकते. अट एकच, तिकिटं जोडीनेच घ्यायची. दोन तिकिटं, शेजारशेजारची. त्या जोडीतला एक दर्दी असेल, तर दुसरा बहुतेक वेळा त्याने ओढून आणलेला कुणीतरी असणार. बहीण, मित्र, नाहीतर ‘मला यातलं काही कळत नाही गं’ म्हणणारी आई.

ओढून आणलेल्या माणसाचं काय होतं?

माझं सांगते. 2022च्या डिसेंबरमध्ये मी पुण्यात पहिल्यांदा सवाई गंधर्व महोत्सवाला गेले. भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ 1953मध्ये सुरू केलेला हा महोत्सव. तिथे वर्षानुवर्षं तीच मंडळी, तीच भारतीय बैठक, सोबत शाल आणि थर्मास. दर्दी बघायचे तर ते तिथे बघा. मला मैत्रिणीचे आजोबा घेऊन गेले होते. मला तेव्हा एकही राग ओळखता येत नव्हता. खरं सांगायचं तर बाहेरच्या स्टॉल्सवर काय खायला मिळतं यात जास्त इंटरेस्ट होता.

आजोबांनी माझी परीक्षा घेतली नाही. एवढंच म्हणाले, ‘तबल्याकडे कान ठेव. सम कुठे येते ते शोध. सापडली की मान आपोआप हलेल.’ पहिला तासभर काही सापडलं नाही. मग एकदा सगळ्या मंडपाची मान हलली आणि तिच्यासोबत माझीही. आजोबांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. बास. त्यानंतर मी दर वर्षी जाते. आजही मला दोनच राग ओळखता येतात, पण त्या दोघांना मी कुठेही ओळखते.

आजोबांनी त्या दिवशी ‘आधी पाच राग सांग’ म्हटलं असतं, तर मी भजी खाऊन घरी आले असते. असे किती जण आपण दारातूनच परत पाठवतो, कधी विचार केलाय?

आणि दर्दींनो, अजून एक. तुम्हाला गर्दी नको असेल, तर गाणी घरी हेडफोनवर जास्त चांगली ऐकू येतात. आवाज स्वच्छ, धक्काबुक्की नाही, टॉयलेटला रांग नाही. तरीही आपण लाइव्हला जातो, ते कशासाठी? हजारो गळे एका वेळी एकच ओळ गातात, त्यासाठीच ना? कोल्डप्लेच्या शोमध्ये प्रत्येकाच्या मनगटावर दिव्यांचा बँड असतो. गाण्याबरोबर अख्खं स्टेडियम एकदम पिवळं, एकदम लाल होतं. तो बँड वाटताना कुणी विचारत नाही, की तुम्हाला किती अल्बम पाठ आहेत. दर्दी ज्या दृश्यासाठी हजारो रुपये मोजतो, त्यातले निम्मे दिवे त्याला नको असलेल्या गर्दीच्याच मनगटावर असतात.

मग गर्दीला सगळं माफ?

अजिबात नाही. एकच गाणं येणं हा गुन्हा नाही, पण ते गाणं येईपर्यंत दीड तास मागच्या माणसाला त्रास देणं नक्कीच आहे. गेल्या वर्षी पुण्यातल्या एका गिगला माझ्या पुढचा मुलगा सलग तीन गाणी व्हिडीओ कॉलवर होता. स्टेजवरचा गायक मला त्याच्या स्क्रीनवरच दिसत होता, तोही अडकत अडकत. हळू, शांत गाणं लागलं की कट्ट्यावर बसल्यासारख्या मोठमोठ्याने गप्पा सुरू करणारेही असतातच. या टूरमध्ये ख्रिस मार्टिन शोदरम्यान एक गाणं मध्येच थांबवायचा आणि सगळ्यांना सांगायचा, आता फक्त एवढ्या गाण्यापुरते फोन खाली ठेवा. स्टेजवरून सांगावं लागतं, यातच काय ते आलं.

पण नीट आठवा, त्रास देणारे सगळे ‘खोटे फॅन’च असतात का? पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कानाशी बेसूर ओरडणारा माणूस बहुतेक वेळा कट्टर फॅन असतो. मित्राच्या खांद्यावर चढून मागच्या वीस जणांचं दिसणं बंद करणाराही तोच. म्हणून फॅन कुणाला म्हणायचं हे पाठांतरावरून ठरवू नका. शेजारच्याला शो बघू देतो की नाही, हे बघा. ही परीक्षा दोघांनाही सारखीच अवघड आहे.

आणि राग काढायचाच असेल, तर योग्य ठिकाणी काढूया. एकूण तिकिटांपैकी किती सर्वसामान्यांसाठी विकणार आणि किती कंपन्यांना, प्रायोजकांना देणार, हे आयोजकांनी आधी जाहीर करावं. तिकिटावर नाव असावं. ज्याला जायला जमत नाही, त्याला छापील किमतीतच तिकीट परत विकता येईल अशी अधिकृत सोय असावी. न्यायालयाने बोट दाखवलं ते काम सरकारने हातात घ्यावं. हे ट्विटरवर लिहा, आमदाराला टॅग करा, कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत बोला. चुलतभावाची टर उडवून यातलं काहीही बदलणार नाही.

माझ्या रूममेटचं पुढे काय झालं? 26 जानेवारीचा अहमदाबादचा शो ओटीटीवर लाइव्ह दाखवला. आम्ही हॉस्टेलच्या एका खोलीत नऊ जणी एका लॅपटॉपसमोर कोंबून बसलो. त्यातल्या सहा जणींना दोनपेक्षा जास्त गाणी येत नव्हती. सुरुवातीला ती गप्प होती. मग प्रत्येक गाण्याआधी तिने सांगायला सुरुवात केली, हे कुठल्या अल्बममधलं, ते मी पहिल्यांदा कधी ऐकलं. मध्येच बफरिंग झालं तेव्हा पुढच्या ओळी तिनेच गाऊन दाखवल्या. स्टेडियममध्ये असण्याची भरपाई यातून होत नाही, ती स्वतःही तसं म्हणत नाही. पण त्या सहापैकी दोघी आता तिच्याकडून गाणी मागून घेतात आणि पुढच्या वेळी तिकिटांच्या रांगेत तिच्यासाठी आणखी चार फोन लागणार आहेत.

तेव्हा पुढच्या शोच्या आधी कुणी तुम्हाला म्हणालं, ‘मला त्यांचं एकच गाणं येतं’, तर पाच गाणी विचारू नका. कोणतं ते विचारा. आणि मग त्याच्यासारखंच दुसरं एक पाठवून द्या.