तेंदूचे पैसे आले, कर्ज आधीच फेडायचं का?



तेंदूचा हंगाम संपला. फळीवरचे पैसे यंदा बऱ्याच घरी पोचले. पैसा घरात आला की गटाच्या कर्जाची आठवण येतेच. गेल्या पंधरवड्यात जिथं गेलो तिथं बायांनी एकच विचारलं: "हप्ते बाकी आहेत, पण एकदमच भरून मोकळं झालं तर चालते का?"

चालते. पण हिशेब समजून घ्या, नाही तर आमच्या घरी झालं तसं होते.

माझ्या आईनं गटातून 20,000 घेतले होते. व्याज सालाचं 24 टक्के, 12 हप्ते, महिन्याला 1,891. सहा भरून झाले. तेंदूचे पैसे आले तशी ती वसुलीवाल्याला म्हणाली, उरलेलं सगळं घेऊन टाका. तो म्हणाला, सहा हप्त्यांचे 11,346 द्या. आधी बंद केलं तर दंडही लागते, पण तुमच्यासाठी माफ करतो. आईनं मोजून दिले आणि वरून त्याला चहा पाजला. मी बारावी शिकलेला पोरगा तिथंच बसून होतो. मलाही काही उमगलं नाही.

नंतर एका शिकलेल्या दादानं कागदावर मांडून दाखवलं. त्या दिवशी खरी बाकी होती साधारण 10,595. हप्त्यात मुद्दल असते आणि व्याज असते. पुढच्या सहा महिन्यांचं व्याज अजून चढलंच नव्हतं, तरी ते आमच्याकडून घेतलं. साडेसातशे रुपये गेले. तेवढ्यासाठी आईनं किती पुडे बांधले असतील, ते तुम्हीच मोजा.

आणि तो दंड? तसा दंड नाहीच. रिझर्व्ह बँकेचा नियम 1 एप्रिल 2022 पासून लागू आहे. वर्षाला 3 लाखांपर्यंत कमाई असलेल्या घराला काही गहाण न घेता दिलेलं असं छोटं कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड घेता येत नाही, मग ती बँक असो की फायनान्स कंपनी. कर्जाचं कार्ड आपल्याला समजते त्या भाषेत पाहिजे. त्यावर प्रत्येक हप्त्याची नोंद पाहिजे, कर्ज संपल्याचीही. आईच्या कार्डावर शेवटची नोंद दोन महिन्यांनी झाली, तीही मी तीन चकरा मारल्यावर.

म्हणून "किती हप्ते राहिले" असं विचारू नका. "आजची बाकी किती" असं विचारा आणि ती लिहून मागा. लिहून देत नसेल तर पैसे कमरेलाच ठेवा. कंपनीकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. अर्ज आम्ही लिहून देऊ.

पण सगळ्यांनीच धावत जाऊन फेडावं असं मी म्हणत नाही. आज सगळा पैसा तिथं ओतला आणि धानाच्या बियाण्यासाठी पुन्हा दुकानदाराच्या दारात उभं राहावं लागलं, तर त्याचं व्याज याच्याहून जड पडते. आधी बियाणं आणि पावसाळ्याची खावटी बाजूला काढा. उरलं तर फेडा. आणि फेडल्या दिवशीच वसुलीवाला म्हणते, "चांगल्या खातेदार आहात, आता 40,000 घ्या." तिथं फसू नका बाप्पा.

संघटनेच्या कागदात हे कर्जाचं काहून, असं काही जण विचारतील. मागच्या महिन्यात वनहक्काच्या हद्दीची मोजणी होती. अर्ध्या बाया आल्या नाहीत, कारण त्याच दिवशी हप्त्याची मीटिंग होती. जंगलाची हद्द ज्यांना पायाखालची माहीत, त्याच घरी बसल्या. मोहफुलाचंही तेच. पावसाळ्यात भाव चढतो हे कोणाला माहीत नाही? पण हप्त्यासाठी ते एप्रिलमध्येच किराणावाल्याच्या तराजूत जाते.

पुढच्या ग्रामसभेला येताना कर्जाचं कार्ड सोबत आणा. ज्यांचं हरवलं त्यांनी गटाचं आणि वसुलीवाल्याचं नाव लिहून आणा. पाटीवर एकेकाचा हिशेब मांडू. आईही येणार आहे, आपलं जुनं कार्ड घेऊन.