दुकान तिच्या हातात, गल्ला कोणाच्या?



बचत गटांच्या मेळाव्यात, उद्योजकता प्रशिक्षणात, महिलादिनाच्या व्यासपीठावर हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘बाईच्या हातात मोबाईल आला, आता तिला दुकानाची गरज नाही.’ टाळ्या पडतात. मी या वाक्याला टाळी देत नाही. त्याचा पहिला भाग अर्धाच खरा आहे आणि दुसरा आपली फसवणूक करणारा आहे.

सोशल मीडियाचा उपयोग नाही, असे माझे मुळीच म्हणणे नाही. ज्या बाईला गाळ्याचे डिपॉझिट परवडत नाही, जिला सासरचे बाजारात बसू देत नाहीत, जी परित्यक्ता आहे आणि लहान मूल टाकून बाहेर जाऊ शकत नाही, तिच्या चकल्या, मसाले, शिवलेली झबली व्हॉट्सअॅपच्या एका फोटोवर विकली जातात. मधला दलाल जातो. २०२० च्या टाळेबंदीत नवऱ्याचे काम सुटले तेव्हा कितीतरी घरांची चूल अशा डब्यांवर पेटली. घरकामगार बायका आज कोणत्या सोसायटीत काय पगार मिळतो हे एकमेकींना कळवतात, आशा कार्यकर्त्या मोर्चाचा निरोप तासाभरात पोचवतात. हे साधन आपले आहे, ते सोडायचे नाही.

पण प्रश्न असा, की मोबाईल खरोखर बाईच्या हातात आहे का? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा मोबाईल होता. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के होते. त्यानंतर घराघरांत फोन वाढले, हे दिसतेच. तरीही सिमकार्ड कोणाच्या नावावर, हे विचारा. यूपीआयचे पैसे ज्या खात्याला नंबर जोडला आहे त्या खात्यात जातात. नंबर नवऱ्याचा, खाते नवऱ्याचे, तर पापड लाटले बाईने आणि पैसे आले त्याच्याकडे. पूर्वी निदान रोख पैसे तांदळाच्या डब्यात लपवता येत होते. आता क्यूआर कोडने तेवढीही जागा ठेवली नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा. ‘घर सांभाळून फावल्या वेळात व्यवसाय’ असे सांगतात. हा फावला वेळ कोणाला दिसला? सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर पाहणीप्रमाणे घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाचे सरासरी २८९ मिनिटे बिनपगारी घरकामात जातात, पुरुषाची ८८. त्यात आता फोटो काढणे, स्टेटस टाकणे, रात्री अकराला ‘भाव कमी करा ना, ताई’ला उत्तर देणे यांची भर पडली. लाडवाच्या किमतीत तूप, डाळ, डबा धरतात. तिचे तास धरत नाहीत. घरकाम अदृश्य होतेच, आता धंदाही घरकामासारखाच अदृश्य झाला.

आणि हे ‘फुकट’ दुकान आहे कोणाचे? फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप या तिन्हींची मालक एकच कंपनी आहे आणि तिची जवळजवळ सगळी कमाई जाहिरातींची आहे. आपण फोटो घालतो, गिऱ्हाईक जमवतो. मग त्याच गिऱ्हाइकापर्यंत पोचायला ‘पैसे भरा’ म्हणतात. ४ ऑक्टोबर २०२१ ला ही तिन्ही दुकाने सुमारे सहा तास एकदम बंद पडली. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकसह ५९ अॅपवर बंदी घातली, तेव्हा गावोगावच्या बायांनी टिकटॉकवर मेहनतीने जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. निर्णय कंपनीचा असो की सरकारचा, बाईला विचारले कोणी? बाजारातल्या ओट्यावरून उठवायला आले तर चार जणी मिळून आडव्या तरी पडतो.

धंद्यासाठी नंबर जाहीर करावा लागतो. मग रात्री-बेरात्री फोन येतात, अश्लील फोटो येतात. घरचे म्हणतात, ‘बंद कर ते.’ त्रास देणाऱ्याचे काही जात नाही, तिची रोजी जाते. जुलै २०२१ आणि जानेवारी २०२२ मध्ये तर मुस्लिम स्त्रियांचे फोटो उचलून त्यांचा ‘लिलाव’ मांडणारी अॅप निघाली. त्यांत बोलक्या, लिहित्या स्त्रिया निवडून घेतल्या होत्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार इंटरनेटवरून केलेला पाठलागही गुन्हा आहे. पण ‘फोटो कशाला टाकलात?’ हा प्रश्न आजही तक्रार करणाऱ्या बाईलाच ऐकावा लागतो.

१९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत उभे राहिले, कारण पापड लाटणारी प्रत्येक बहीण तिथे मालकीण होती. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या, सावकाराच्या व्याजात अडकलेल्या खाणावळवाल्या बायांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केले आणि राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळवून दिली. दोन्ही ठिकाणी बाया एकत्र आल्या, पैसा त्यांच्या नावावर राहिला. आज मात्र एकेक बाई आपापल्या स्वयंपाकघरात, एकेका पडद्यासमोर बसून शेजारणीपेक्षा पाच रुपयांनी स्वस्त विकते आहे. याला मी सक्षमीकरण म्हणणार नाही.

म्हणून गटागटांत याची चर्चा व्हावी. प्रत्येकीचा नंबर आणि खाते तिच्याच नावावर आहे का, हे बैठकीत उघड विचारावे. मालाचा भाव एकत्र बसून, तासांची मजुरी धरून ठरवावा. विक्री गटाच्या नंबरावरून करावी, म्हणजे एकटीचा नंबर चव्हाट्यावर येणार नाही. गिऱ्हाइकांची यादी वहीत उतरवून ठेवावी. कंपनी बुडाली तरी वही बुडत नाही. छळाची तक्रार करायला गटाने सोबत जावे.

आणि पालिकेकडे, पंचायतीकडे बाजारातला ओटा, पाळणाघर, स्वस्त कर्ज मागणे एक दिवसही थांबवू नये. ‘तुमच्याकडे मोबाईल आहे ना?’ असे उत्तर आले, तर मोबाईल पिशवीत ठेवून तिथेच ठिय्या द्यावा.