घंटा वाघोलीतच वाजू दे

गेल्या दिवाळीत पुण्यात वाघोलीला आईकडे गेलो तर हॉलमधल्या कॅमेऱ्यावर कालनिर्णयचं जुनं पान लोंबत होतं. "वाऱ्याने उडालं असेल," आई म्हणाली. पान चारी कोपऱ्यांना सेलोटेपने चिकटवलेलं होतं.

कॅमेरा मीच बसवला होता. तो बसवून विमानात बसलो तेव्हा जिवावरचं ओझं उतरलं. माझ्या जिवावरचं. आई मात्र दुपारी हॉलमधल्या दिवाणावर लवंडायची, ते तिने बंद केलं. "तू कधी बघशील नेम नाही, आणि झोपेत पदराचं भान राहत नाही." स्वतःच्याच घरात ती पाहुण्यासारखी सावरून बसायला लागली होती.

न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी मंडळातल्या निम्म्या घरांनी असं काहीबाही तिकडे बसवलं आहे. त्या सगळ्यांना माझं एकच म्हणणं आहे: इशारा आपल्या फोनवर येऊन उपयोग नाही. तो पाच मिनिटांत दारात पोचेल अशा माणसाकडे गेला पाहिजे. आई रात्री दोनला बाथरूमला उठते तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात दुपारचे साडेचार असतात आणि मी मीटिंगमध्ये असतो. इथून ११२ फिरवून वाघोलीत कोणी येत नाही. ज्येष्ठांची १४५६७ ही हेल्पलाइन सल्ल्याला चांगली, पण ती सकाळी आठ ते रात्री आठ. भाऊ पुण्यातच आहे म्हणाल, तर कोथरूडहून नगर रोडच्या गर्दीतून संध्याकाळी पोचायला त्याला दीड तास लागतो. वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत गेली, टॉवर उभे राहिले, पण पाणी अजून टँकरचं आणि लाइट गेली की राउटर बंद, म्हणजे कॅमेराही आंधळा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पासष्टीपुढच्या दर तिघांतला जवळपास एक जण वर्षाकाठी एकदा तरी पडतो. आई त्या दिवाळीआधीच्या जुलैत पडली, ओल्या फरशीवर. पडल्याचं ओळखणारं घड्याळ तिच्याकडे होतं, पण आंघोळीला जाताना काढून टेबलावर ठेवलेलं. आतून कडी. कामवाल्या मावशींनी आठ वाजता बेल वाजवून वाजवून शेवटी वॉचमनला बोलावलं, मग सुतार आला. दोन तास ती तशीच पडून होती. मनगटावर निभावलं.

जपानच्या झोजिरुशी कंपनीने २००१ मध्ये एक किटली काढली. म्हाताऱ्याने चहाला पाणी कधी घेतलं याचा निरोप मुलांना जातो. माणसाला न न्याहाळणारं हे यंत्र मला आवडतं. आईच्या मजल्यावर आता त्याचं काम दुधाची पिशवी करते: सातपर्यंत दाराला लटकलेली दिसली की समोरच्या वहिनी बेल दाबतात.

त्या दिवाळीत आम्ही कमोडशेजारी ग्रॅब बार लावला, पलंगापासून बाथरूमपर्यंत पाऊल टाकलं की लागणारे सेलवरचे दिवे लावले. बाथरूमची कडी काढून बाहेरून नाण्याने उघडता येईल असं लॉक बसवलं, फ्लॅटची एक किल्ली वहिनींकडे दिली. आणि काही शे रुपयांची एक बिनतारी दारघंटी. तिचं बटण बाथरूमच्या भिंतीवर, फरशीपासून वीतभर वर. कारण पडलेल्या माणसाचा हात तिथेच पोचतो. वाजणारा डबा वहिनींच्या स्वयंपाकघरात.

आता कोणी म्हणेल, शेजाऱ्यांच्या जिवावर हे किती दिवस चालायचं? बरोबर आहे. शेजारधर्म फुकट मिळतो म्हणून तो पिळू नये. वाघोली, खराडी, लोहगाव या पट्ट्यात ज्यांचे आईवडील आहेत अशी आपल्याच मंडळातली कुटुंबं एकत्र आली तर रात्रपाळीला एक प्रशिक्षित माणूस आणि एक गाडी सहज ठेवता येईल. ढोलताशे मागवायला आपण आठवड्यात वर्गणी जमवली होती, याची आठवण करून देतो.

कॅमेरा मी परत आणला. घंटा आजवर दोनदा वाजली. एकदा आईने ती चालते का ते पाहायला वाजवली. दुसऱ्यांदा गिझरचं पाणी येईना म्हणून. वहिनी हाताला पीठ तसंच ठेवून धावत आल्या आणि आईला चांगलंच रागावल्या.